यंत्रे बदलली, दप्तर टिकले

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे विषय वाटले गेले तेव्हा कुणाच्या वाट्याला गणेशोत्सव आला, कुणाला पाण्याची टाकी आणि बोअरवेल, कुणाला गच्चीवरची कोजागिरी. माझ्या वाट्याला ऑफिसातला संगणक आला. "काका, तुम्ही बँकेतले, त्यात नऊ वर्षे खजिनदार होता. तुम्हीच लिहा," असे सेक्रेटरीबाईंनी सांगितले. इमारतीला रंग दिला की चार लोक पाहतात, नवी लिफ्ट बसली की सगळ्यांना कळते. दप्तराचे तसे नसते. ते जागेवर असेल तर कुणी विचारत नाही, आणि नसेल त्या दिवशी सगळे धावत येतात. आपल्या सोसायटीचे दप्तर पंचवीस वर्षांत वहीतून संगणकात आणि एका संगणकातून दुसऱ्यात कसे गेले, मध्ये ते जवळजवळ हातचे जात होते ते कसे वाचले, हे नव्या पिढीला माहीत असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडे बँकेबद्दल

मी १९७४ साली बी.कॉम. होऊन एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. तेव्हा शाखेत जाड पुठ्ठ्याची लेजरे असायची. प्रत्येक खातेदाराचे एक पान, आणि ठरावीक दिवशी सगळ्या पानांची बेरीज करून जनरल लेजरशी जुळवायची. त्याला आम्ही बॅलन्सिंग म्हणायचो. आठ आण्यांचा फरक आला तरी रात्री दहापर्यंत घरी जाता येत नसे. फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी ५४ च्या जागी ४५ असे आकडे उलटे पडले असणार, हे जुन्या हेडक्लार्कनी आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते.

बँकांमध्ये यंत्रे आणण्याबाबत रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या समितीचा अहवाल १९८९ मध्ये आला. नोकऱ्या जातील म्हणून कामगार संघटनांचा विरोध होता, वाटाघाटी झाल्या, करार झाले. आमच्या शाखेत नव्वदीच्या सुरुवातीला लेजर पोस्टिंग मशीन आले. पण मशीन आले म्हणून दुसऱ्या दिवशी लेजर बंद केले नाही. काही महिने क्लार्क लेजरमध्येही लिहायचा आणि मशीनवरही नोंद करायचा. रोज संध्याकाळी दोन्हीकडची शिल्लक ताडून पाहायची. पुरेसे दिवस जुळत राहिल्यावर मग लेजरच्या शेवटच्या नोंदीखाली तांबड्या शाईची रेघ मारून "शिल्लक पुढे नेली" असे लिहायचे.

पुढे वायटूके आले. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असत. २००० साल लागले की ००, म्हणजे यंत्र ते १९०० समजणार आणि व्याज, मुदत, सगळ्याचा गोंधळ होणार अशी धास्ती होती. ३१ डिसेंबर १९९९ हा शुक्रवार होता. त्या दिवशी आम्ही प्रत्येक खात्याची शिल्लक कागदावर छापून तिजोरीत ठेवली आणि मगच शाखा बंद केली. शंभराने भाग जाणारी साले सहसा लीप नसतात, पण चारशेने भाग गेला तर असतात. म्हणून २९ फेब्रुवारी २००० ही तारीखसुद्धा आधी तपासून पाहिली होती. काहीच झाले नाही तेव्हा लोक हसले. आम्हाला मात्र माहीत होते की आधीची दोन वर्षे तपासणी झाली होती, म्हणून काही झाले नाही.

त्यानंतर कोअर बँकिंग आले, शाखेतला डेटा उचलून मध्यवर्ती ठिकाणी गेला. तेव्हाही एका शनिवार-रविवारी बसून शेवटची बेरीज जुळेपर्यंत कुणी उठले नाही. या सगळ्यातून मी तीन गोष्टी घेऊन निवृत्त झालो. मूळ हलवण्याआधी त्याची प्रत करायची. बेरीज जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही. आणि जुने टाकून द्यायची घाई करायची नाही. या तीन गोष्टी पुढे आपल्या सोसायटीच्या कामाला आल्या.

वहीपासून विंडोज ९८ पर्यंत

सोसायटीची नोंदणी २००० साली झाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदांची आय आणि जे नमुन्यातली नोंदपुस्तके, इतिवृत्ताची वही, कॅशबुक, लेजर, नॉमिनेशनची फाइल, सगळे हाताने लिहिलेले. मेंटेनन्सच्या पावत्या कार्बन घालून. चौसष्ट फ्लॅट म्हणजे दर तिमाहीला चौसष्ट बिले. तेव्हाचे खजिनदार दोन रविवार त्यातच घालवायचे.

२००२ मध्ये ए विंगमधल्या एका सभासदाच्या कंपनीत जुने संगणक निघाले, त्यातला एक आपल्याला मिळाला. विंडोज ९८ वर चालणारा, जाडजूड मॉनिटर, आणि बॅकअप म्हणाल तर फ्लॉपी. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात बसणार नाही. पण बिलांचे हिशेब बसत होते, आणि खजिनदार दर महिनाअखेर फ्लॉपी भरून कपाटाच्या वरच्या खणात ठेवत. या सवयीचे मोल पुढे कळले.

२६ जुलै २००५

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या डोंबिवलीत खाडीच्या बाजूला काय झाले ते आपल्या तळमजल्यावरच्यांना विचारा. ऑफिसात छातीइतके पाणी होते. संगणकाची कॅबिनेट जमिनीवर, ती गेलीच. पण त्याहून मोठा घाव कागदांवर बसला. कपाटाच्या खालच्या तीन खणांत नोंदपुस्तके होती. शाईच्या पेनने लिहिलेले सगळे वाहून निळे डाग उरले होते. बॉलपेनने लिहिलेले बरेचसे राहिले, पण पाने एकमेकांना चिकटलेली. वरच्या खणातल्या फ्लॉप्या मात्र कोरड्या होत्या. जूनअखेरपर्यंतचे मेंटेनन्सचे हिशेब त्यातून मिळाले. संगणकावर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचा त्या दिवसापासून बसला, आणि कागदावर ज्यांचा आंधळा विश्वास होता त्यांचा थोडा उतरला.

आता गुरुजींबद्दल सांगायला हवे. बी विंगमधले, शाळेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. त्यांनी ओली पाने एकेक सोडवली, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून पंख्याखाली वाळवली. नंतर ती पाने ठिसूळ होऊन कडेने तुटायला लागली. "हे कागद फार दिवस राहणार नाहीत, उतरवून घ्यायला हवेत," असे म्हणून ते संगणकावर टाइप करायला बसले. तोवर २००६ मध्ये आपण नवा असेंबल्ड संगणक घेतला होता, विंडोज एक्सपी असलेला. वयाच्या सत्तराव्या वर्षी गुरुजी मराठी टायपिंग शिकले. दोन बोटांनी, रोज दोन तास. पहिल्या पाच वर्षांची सगळी इतिवृत्ते, आणि चौसष्ट फ्लॅटचा एक मोठा तक्ता: मूळ करारनामा कोणत्या तारखेचा, नोंदणी क्रमांक काय, मुद्रांक शुल्क किती भरले, नंतर फ्लॅट कुणाच्या नावावर झाला, कोणत्या सभेच्या ठरावाने. घरोघर जाऊन इंडेक्स-टू पाहून त्यांनी तो भरला. २००७ च्या दिवाळीला काम संपले. २०१२ मध्ये गुरुजी गेले.

२०१४: दोन दुखणी एकदम

त्या संगणकाने आठ वर्षे इमाने काम केले. त्यात भारनियमनाची वर्षे होती, रोज बत्ती जायची, चालू मशीन धाडकन बंद पडायचे. २०१३ पासून त्याची तब्येत बिघडली. सुरू व्हायला पंधरा मिनिटे लागायची. मध्येच निळा पडदा यायचा. आतून टक् टक् असा आवाज यायचा. बॅटरी गेल्यामुळे घड्याळ जुन्या सालावर जायचे, म्हणजे पावती फाडण्याआधी तारीख नीट करा.

त्यातच ८ एप्रिल २०१४ पासून मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या बंद केल्या. २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेली ही प्रणाली साडेबारा वर्षे चालली, हेही काही कमी नाही. पण आता नव्या विंडोजवर जाणे भाग होते.

इथे एक बारकावा आहे. लोक दोन्ही गोष्टी एकच समजत होते: मशीन बिघडले, नवीन विंडोज टाका म्हणजे नीट होईल. प्रत्यक्षात दुखणी दोन होती. ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली हे एक. हार्ड डिस्क, म्हणजे जिच्यावर सगळा डेटा लिहिलेला असतो ती तबकडी, झिजत चालली होती हे दुसरे. टक् टक् आवाज तिचा होता. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना डिस्कवर हजारो फायली नव्याने लिहिल्या जातात. आधीच मरणाला टेकलेल्या डिस्कवर एवढे ओझे टाकले तर ती तिथेच बसायची. आणि फॉरमॅट केले तर आधीचे सगळे पुसलेच जाणार.

दुरुस्तीला बोलावलेला माणूस म्हणाला, "फॉरमॅट मारतो, अर्ध्या तासात नवीन विंडोज. डेटा काय असेल तो सांगा, पेन ड्राइव्हवर घेऊ." तो त्याच्या जागी बरोबर होता, त्याला रोजची चार मशीनं करायची असत. पण "काय असेल तो" हे सांगणार कोण? गुरुजी गेलेले. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरात ते दोघांनाच माहीत.

त्या आठवड्यात कमिटीची सभा झाली. एक सभासद म्हणाले, हिशेब ऑडिटरकडे असतीलच. ऑडिटरकडे ताळेबंदाच्या छापील प्रती होत्या, रोजच्या नोंदी नव्हत्या. दुसरे म्हणाले, जुनी इतिवृत्ते आता कोण वाचतो? त्यावर सेक्रेटरींनी मानीव अभिहस्तांतरणाची आठवण करून दिली. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नव्हती, आणि त्यासाठी अर्जाची तयारी चालू होती. अर्जाला सगळ्या फ्लॅटधारकांची करारनाम्यांसह यादी लागते. ती यादी म्हणजेच गुरुजींचा तक्ता. तो गेला तर पुन्हा चौसष्ट घरांत फिरावे लागले असते. काही मूळ मालक तोवर परदेशी गेले होते, काही हयात नव्हते. त्या रात्री ठराव झाला की पूर्ण प्रत होऊन ती तपासल्याशिवाय कुणीही फॉरमॅट करणार नाही. हा ठराव इतिवृत्तात आहे.

उशाखालची किल्ली

मदतीला आला सी विंगमधला इंजिनीअरिंगचा मुलगा. त्याने पहिले वाक्य म्हटले ते असे: "काका, आता मशीन चालूच करू नका. जितकं चालेल तितकं बिघडेल." विंडोज सुरू होताना डिस्क तपासण्याचा जो प्रोग्रॅम आपोआप लागतो, तोही त्याने चालू दिला नाही. डिस्क धडधाकट असेल तर तो उपयोगी, पण आजारी डिस्कला तो भलतेच श्रम करायला लावतो, आणि दुरुस्तीच्या नावाखाली फायलींचे तुकडेही करून ठेवतो.

रविवारी सकाळी त्याने लिनक्सची एक सीडी आणली. संगणक हार्ड डिस्कवरून न चालवता त्या सीडीवरून सुरू करता येतो, आणि हार्ड डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडता येते. तिच्यावर एक अक्षरही लिहिले जात नाही. आजारी माणसाची झोप न मोडता त्याच्या उशाखालची किल्ली काढून घ्यावी, तसा प्रकार.

क्रम आम्ही आधी कागदावर लिहिला होता. सगळ्यात मोलाचे आणि आकाराने लहान ते आधी: गुरुजींचे फोल्डर, टॅलीचा डेटा, सभासदांचा तक्ता, पत्रव्यवहार. फोटो शेवटी. शिवाय विंडोजचे फॉन्ट असलेले फोल्डर, प्रोग्रॅमचे लायसन्स क्रमांक आणि प्रिंटरचे नाव. या शेवटच्या गोष्टी डेटा नव्हेत म्हणून लोक सोडतात, आणि नंतर अडतात. हे सारे निघाल्यावर मग त्याने पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायला लावली. ते काम रात्रभर चालले. जिथे डिस्क अडखळे तिथे प्रोग्रॅम पुढे सरके आणि राहिलेल्या जागी नंतर पुन्हा प्रयत्न करी.

सकाळी मोजणी केली. गुरुजींच्या फोल्डरात ६७ फायली होत्या, त्यातल्या ६५ उघडल्या. २००३ आणि २००४ च्या इतिवृत्तांच्या दोन उघडत नव्हत्या. त्या दोन वर्षांत सात फ्लॅट हस्तांतरित झाले होते.

मी आणि सेक्रेटरी गुरुजींच्या घरी गेलो. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि देवघराशेजारच्या कपाटातून एक डबा काढला. त्यात तीन सीड्या होत्या, प्रत्येकीवर गुरुजींच्या वळणदार अक्षरात तारीख. "दर दिवाळीला एक करून ठेवायचे. म्हणायचे, पाणी काही विचारून येत नाही," काकू म्हणाल्या. दोन्ही फायली शेवटच्या सीडीत मिळाल्या.

जुळवणी

त्यानंतरच नवी हार्ड डिस्क आणली. जुनी काढून, तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवली. त्याच मशीनची मेमरी ५१२ एमबीवरून दोन जीबी केली आणि विंडोज ७ नव्याने टाकली. एक्सपीवरून ७ वर प्रोग्रॅमसकट सरळ चढण्याची सोय नव्हतीच. नव्याने टाका, प्रोग्रॅम पुन्हा बसवा आणि डेटा परत आणा, हाच मार्ग होता. पावत्यांच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळाला नाही, तो प्रिंटर बदलावा लागला. एवढाच जादा खर्च.

टॅलीची नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीचा डेटा थेट वाचत नव्हती, आधी त्याचे रूपांतर करावे लागले. रूपांतर झाले, तेरीज जुळली, सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी म्हटले, थांबा. एकूण बेरीज जुळली म्हणजे सगळे जुळले असे नव्हे. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. एकाच्या खात्यातले पाचशे दुसऱ्याच्या खात्यात गेले तरी बेरीज तीच राहते. म्हणून चौसष्ट सभासदांची ३१ मार्च २०१४ ची बाकी छापील लेजरशी एकेक ताडून पाहिली. सिंकिंग फंड, रिपेअर फंड, बँकेतल्या ठेवी, सगळे पैशापर्यंत जुळले. त्या कागदावर तिघांच्या सह्या आहेत.

मराठी फायलींनी मात्र वेगळीच गंमत केली. नव्या विंडोजमध्ये उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टिंबे, उद्गारचिन्हे यांचा काला. एक सभासद तर म्हणाले, गेले सगळे. गेले काहीच नव्हते. गुरुजींनी ज्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केले होते, त्यात संगणकाच्या लेखी साठवली जात होती इंग्रजीच अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे रूप द्यायचा. तो फॉन्ट नसला की मुखवटा निघाला. युनिकोडमध्ये तसे नसते. तिथे क ला स्वतःचा क्रमांक आहे, ख ला स्वतःचा, जगात कुठेही तो बदलत नाही. म्हणून आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो आणि अमेरिकेतल्या नातवाला ते मराठीच दिसते.

फॉन्टचे फोल्डर आधीच उतरवून घेतले होते, त्यामुळे तो फॉन्ट बसवताच गुरुजींची पाने जशीच्या तशी दिसली. लगेच त्यांच्या छापील प्रती काढल्या, आणि मग एका रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून सगळे युनिकोडमध्ये आणले. त्या प्रोग्रॅमला आपला मराठी अर्धा र नीट कळत नव्हता. कऱ्हाड, बऱ्हाणपूर, सुऱ्या, पायऱ्या, सगळीकडे घोळ. चौघांनी मिळून छापील प्रतीशी ताडत महिनाभर मुद्रिते तपासली. एक वाचायचा, दुसरा पाहायचा, बँकेत चेकिंग करतात तसे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा रफाराचे काय ते कौतुक. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या आडनावात तोच ऱ्ह आहे. त्यांचे यजमान २००३ मध्ये गेले, आणि २००४ मधल्या सभेच्या ठरावाने भाग दाखला त्यांच्या नावावर झाला. तो ठराव सीडीतून मिळालेल्या दोन फायलींपैकी एकीत होता. यादीत आडनाव एक आणि करारनाम्यात दुसरे असे झाले असते तर त्यांना प्रतिज्ञापत्रे करत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या, तेही दोन्ही गुडघे दुखत असताना. तपासणीत ते नाव दुरुस्त झाले. पुढे २०१६ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश आला. त्याच्या अर्जाला जोडलेली चौसष्ट फ्लॅटची यादी गुरुजींच्या तक्त्यावरूनच केलेली होती.

त्यानंतर

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो फायलींना कुलूप लावून पैसे मागायचा. त्याला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते अडकले. आपल्या ऑफिसातले मशीन दुरुस्त्या वेळच्या वेळी घेत होते, आणि प्रत कपाटात होती. आपण शांत झोपलो.

विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपणार होती. तोवर ते जुने मशीन निवृत्त करून आपण दुसरे घेतले होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यावर विंडोज १० चढवली. ७ वरून १० वर मात्र प्रोग्रॅम आणि फायली जागच्या जागी ठेवून जाता येत होते. तरीही आधी प्रत, नंतर जुळवणी, हा क्रम सोडला नाही. तीन महिन्यांत लॉकडाऊन लागला. ऑफिस बंद, पण हिशेबाची प्रत खजिनदारांच्या घरी असल्यामुळे एकही तिमाही बिल चुकले नाही.

आता विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते, ती आपल्या मशीनमध्ये नाही. म्हणजे या वेळी यंत्रही बदलणार. नव्या कमिटीला मी चार गोष्टी सांगितल्या आहेत, त्या इथेही लिहितो, म्हणजे पुढच्यांना शोधायला नकोत.

पहिली, दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक इमारतीबाहेर. २००५ चे पाणी सगळ्या इमारतीला एकदमच आले होते. दुसरी, वर्षातून एकदा प्रत उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड. तिसरी, पासवर्ड एकाच्या डोक्यात नकोत. बंद लिफाफ्यात, अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांच्या सहीने ठेवावेत. सभासदांचे फोन नंबर आणि कागदपत्रे त्यात असल्यामुळे बाहेर ठेवलेल्या प्रतीलाही कुलूप हवे. चौथी, नवीन मशीनवरची जुळवणी पूर्ण होऊन तिघांच्या सह्या होईपर्यंत जुने मशीन भंगारवाल्याला देऊ नये, आणि देताना त्यातली डिस्क काढून नष्ट करावी.

गुरुजींनी उतरवलेली पहिल्या पाच वर्षांची इतिवृत्ते आता छापून, बांधून ऑफिसात ठेवली आहेत. पहिल्या सभेत गच्चीची चावी कुणाकडे ठेवावी यावर पाऊण तास चर्चा झाली होती, आणि कोण काय म्हणाले तेही त्यात आहे. त्यातल्या बऱ्याच जणांची नातवंडे आज त्याच गच्चीवर पतंग उडवतात. ज्यांना वाचायचे असेल त्यांनी रोज संध्याकाळी सात ते आठ या वेळात ऑफिसात यावे. वही तिथेच बसून वाचायची आहे, घरी न्यायची नाही.

— माजी खजिनदार, ए विंग